वरची कडी

ऋतिका दुसऱ्या रेल्वे गेटाशी पोचली तेव्हा गेट नुकतंच पडत होतं, आणि ते पडताना लोखंडाचा जो आवाज झाला त्याने ती गर्रकन मागे वळली. भोवतीच्या कुणालाच काही झालं नाही. स्कूटीवाल्यांनी इंजिनं बंद केली, एकाने मोबाईल काढला, भाजीच्या गाडीवाल्याने गाडीलाच पाठ टेकून डोळे मिटले. रोजचं गेट, रोजचा आवाज. पण आज दुपारपासून तिच्या कानात याच जातीचा दुसरा एक आवाज राहिला होता, फक्त बारीक. दाराची वरची कडी सरकवल्याचा. तो ऐकून ती वळली होती आणि कडी तिच्या हाताच्या बरीच वर होती. टाचा उंचावूनही पोचली नसती. एवढंच झालं होतं. एवढंच तर झालं, असं ती टिळकवाडीतून निघाल्यापासून स्वतःला सांगत होती आणि सांगून सांगून दमली होती. चालून नव्हे. चालायची तिला सवय होती. पिशवीत मोबाईल थरथरला. 'सौम्या आक्का.' तिने तो वाजू दिला. थांबला. पुन्हा थरथरला. शेजारची बाई तिच्या पिशवीकडे बघायला लागली तसा तिने तो काढून पार बंदच करून टाकला.

गाडी यायच्या आत काहीतरी ठरवायला हवं होतं. घरी गेल्यावर आई आधी तिच्या तोंडाकडे नाही, कपाळाकडे बघणार. हा मंगलचा, तिच्या आईचा, नियम. हे काम मिळालं तेव्हा मंगल माग बंद ठेवून स्वतः टिळकवाडीला आली होती, आणि माग बंद ठेवणं म्हणजे तिच्या दृष्टीने लग्नाला किंवा मयताला करायची गोष्ट. तिने सौम्याचं स्वयंपाकघर बघितलं, गॅलरी बघितली, बाथरूमची कडी आतून नीट लागते का ते लावून बघितलं, आणि खालच्या मजल्यावरच्या जयाबाईंना त्यांच्याच दारात उभं राहून विचारलं, की वरची माणसं कशी आहेत? ऋतिकाला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. सौम्या मात्र हसत होती. ती मूळची धारवाडकडची, बेंगळूरच्या कुठल्याशा कंपनीचं काम घरात बसून करायची. नवरा आठवडाभर तिकडे बेंगळूरलाच. बाळ रांगतं, नाव दिग्विजय, आणि हा दिग्विजय मांडीवर असताना मीटिंग होत नाही एवढंच तिचं म्हणणं होतं. सगळं बघून झाल्यावर मंगल म्हणाली, "बाई, येक गोष्ट मागतो. पोरगी रोज निघताना तिला हळदकुंकू लावून पाठवायचं. तुमच्या हातानं." सौम्याला वाटलं, जुन्या वळणाची बाई आहे. "लावते की आक्का, आमच्याकडंबी असतंच ते." परतताना याच गेटाशी थांबल्यावर मंगलने लेकीला उलगडून सांगितलं होतं. "हळदकुंकू बाईमाणूसच लावतंय. घरात बाई असल्याबिगर तुझं कपाळ भरत न्हाई. मला रोज कुणाला फोन करून इचारायला नगो, आन् तुलाबी इचारायला नगो." तेव्हा ऋतिकाला आईचं हसू आलं होतं. गावात कॅमेरे लावणारी माणसं असतात, हिने कपाळ लावलं. पण सौम्याने शब्द पाळला होता. कानाला हेडफोन, तोंडात इंग्रजी, आणि एका हाताने करंडा उघडून ती दारात येऊन टेकवायची. ऋतिका डोळे मिटून घ्यायची. दोनदा थंड बोट टेकलं की दिवस संपला.

आणि हे काम काही सुखासुखी मिळालं नव्हतं. बारावीची परीक्षा झाली आणि निकालाची वाट बघत घरात बसणं म्हणजे कांड्या भरणं. मागाच्या धोट्यात घालायच्या त्या सुताच्या कांड्या भरता भरता आईची बोटं आधीच वाकडी झालेली, आता ऋतिकाची पाळी. त्यात निपाणीचा मामा दर रविवारी फोन करून 'पोरगं चांगलं हाय, घरचा ट्रॅक्टर हाय' असं काहीतरी सांगायचा आणि आप्पा, म्हणजे तिचे वडील केदारी, 'बघू की' म्हणायचे. त्या 'बघू की'ची तिला भीती वाटायची. मग तिने मैत्रिणीच्या सांगण्यावरून एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं, लहान मुलं सांभाळीन, दिवसा. त्यावर मुलं नसलेल्यांचेच फोन जास्त आले. एकाने फोटो मागितला. एकाने विचारलं, रात्री राहशील काय. तिने नंबर बदलून घेतला आणि आईला सांगितलं, की मोबाईल पाण्यात पडलाता. कॅम्पातल्या एका एजन्सीत गेली तर तिथल्या बाईने आधारकार्ड बघून ते सरळ परत सरकवलं. अठरा पूर्ण नाहीत, आम्ही घेत नाही. तेव्हा राग आला होता. आता गेटाशी उभं राहून तिला त्या बाईचा चेहरा आठवला. कंटाळलेला होता, पण वाईट नव्हता. शेवटी कॉलेजातल्या मॅडमनी सौम्याचं नाव सुचवलं. चांगलं घर, ओळखीचं, दिवसाउजेडी. सगळं बघून, विचारून, पारखून घेतलेलं. अजून किती पारखायचं माणसाने?

तिला त्या घरात सगळ्यात काय आवडलं होतं तर शांतता. खासबागेत सकाळ झाली की गल्लीतले सगळे माग सुरू होतात. खटाक-खट, खटाक-खट, भिंती थरथरतात, तांब्यातलं पाणी थरथरतं, बोलायचं असेल तर ओठांवरून ओळखायचं. सौम्याच्या घरी पहिल्यांदा तिला भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकू आला होता. पंख्याचा. स्वतःच्या गिळण्याचासुद्धा. बाळ झोपलं की ती नर्सिंगच्या परीक्षेचं पुस्तक उघडायची आणि ओळ एकदा वाचून कळायची, दुसऱ्यांदा वाचावी लागायची नाही. पण दिग्विजय काही झोपायचा नाही. पाळण्यात टाकला की टकाटका डोळे. एक दिवस तिला आपल्या गल्लीतली पोरं आठवली. ती मागाच्या आवाजात झोपतात आणि वीज गेली, माग थांबला की खडबडून उठतात. तिने घरी जाऊन आईच्या मागाचा आवाज मोबाईलमध्ये भरून आणला आणि पाळण्याशी लावला. टिळकवाडीचा दिग्विजय खासबागेच्या खटाक-खटीत असा झोपला की सौम्या तीनतीनदा येऊन त्याचा श्वास चालू आहे का बघून गेली. तेव्हापासून रोज तोच आवाज. ज्या आवाजाला कंटाळून ती त्या घरी आली होती तो तिने स्वतःच पिशवीतून नेला होता. याचं तिला हसू यायचं. आज दुपारपर्यंत यायचं.

गाडी येत नव्हती. भाजीवाला आता उभ्या उभ्या घोरत होता. आज सौम्याचा मेसेज आला तेव्हा ती जिन्यातच होती. 'अर्जंट धारवाडला जावं लागलं, संध्याकाळी येते, विक्रम आहे घरी, तू ये.' विक्रम म्हणजे सौम्याचा दीर, निपाणीहून चार दिवसांसाठी आलेला. त्याला तिने एकदोनदा बघितलं होतं, मोबाईलमध्ये मान घातलेला. जयाबाईंच्या दाराला कुलूप होतं. ती त्या कुलपासमोर थोडा वेळ उभी राहिली. तिथूनच परत फिरायला हवं होतं, हे तिला तेव्हाही कळत होतं. पण परत फिरणं म्हणजे आईला कारण सांगणं, आणि कारण सांगणं म्हणजे उद्यापासून कांड्या, आणि रविवारी मामाचा ट्रॅक्टर. म्हणून ती वर गेली आणि बेल दाबली. "वैनी न्हाईत, ये की आत," तो म्हणाला, नीटच म्हणाला. बाळ किरकिर करत होतं. तिने त्याला भरवलं, पाळण्यात घातलं, मागाचा आवाज लावला, तो झोपला. आणि मग ती कडी. ती हॉलमध्ये आली तर विक्रम दारापासून वळत होता. "रांगतंय न्हवं आता, बाहीर जिन्याकडं जातंय," तो म्हणाला. खरंच जायचा दिग्विजय जिन्याकडे. सौम्यासुद्धा कधीकधी ती कडी लावायची. पण बाळ आत पाळण्यात झोपलं होतं.

ती चहाला म्हणून स्वयंपाकघरात गेली, कारण त्याने चहा मागितला. नको म्हणायला काही कारण नव्हतं. कप ठेवून आतल्या खोलीत गेली तर तो थोड्या वेळाने कप घेऊनच त्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. काय शिकतीस? कुठं ऱ्हातीस? बस की, उभी का? ती म्हणाली, बरी आहे. तो हसला आणि म्हणाला, "घाबरतीस काय?" बस. त्यानंतर तो एक पाऊलही पुढे आला नाही. आला असता तर कदाचित सोपं झालं असतं, निदान कुणाला सांगायला काही हातात राहिलं असतं. पण जो माणूस भिण्यासारखा नसतो तो 'घाबरतीस काय' असं विचारत नाही, एवढं तिला कुणी न शिकवता कळलं. का हे तिच्याच मनाचे खेळ होते? बिचारा कंटाळला असेल, बोलायला माणूस हवं असेल. ती ऐकत उभी राहिली आणि तिच्या लक्षात आलं की खोलीभर माग चालू आहे. खटाक-खट, खटाक-खट. या आवाजात ती ओरडली तरी खालीवर कुणाला ऐकू जाणार नाही. घरी आईला हाक मारली तर दोन हातांवरच्या आईला ऐकू जात नाही. तिने हात लांबवला आणि मोबाईलमधला आवाज बंद केला.

खोली एकदम रिकामी झाली आणि दिग्विजय दचकून उठला. गल्लीतली पोरं उठतात तसाच. आधी ओठ काढले, मग टाहो फोडला. तिने त्याला उचलून छातीशी धरलं. आणि थोपटलं नाही. हेच ते. हेच कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं. त्याच्या पाठीवर हात होता आणि तो हात तिने हलू दिला नाही. तो तिच्याकडे बघत होता, ही मला का गप करत नाही अशा नजरेने, आणि लाल होत होता, आणि मधेच त्याचा श्वास अडकत होता, आणि ती मनात म्हणत होती, रड, अजून रड. वरच्या मजल्यावर कुणाची तरी खिडकी उघडली. "काय झालं हो?" बाईचा आवाज. विक्रमचा कप बशीवर वाजला. "गप कर की त्याला! त्येच्यासाठीच ठेवलंय न्हवं तुला?" ती म्हणाली, "बाहीर न्यायला पायजे. बाहीरचं बगून गप बसतंय." तिचा आवाज साधाच आला, याचं तिला नवल वाटलं. त्याने जाऊन कडी काढली. पिशवी, मोबाईल उचलून ती बाळाला घेऊन जिन्यात बसली. तिथे मात्र तिने त्याला इतकं थोपटलं, इतकं थोपटलं, की तो हुंदके देत देत तिच्या ओढणीवर लाळ गाळत झोपला. जयाबाई बाजारातून आल्या तेव्हा ती त्यांच्या दारातल्या पायरीवरच होती. "सौम्या आक्का येस्तवर ह्याला धरा," म्हणून तिने बाळ त्यांच्या हातात दिलं. "अगं, पण झालं काय?" जयाबाई विचारत राहिल्या आणि ती गेटपर्यंत न थांबता चालत आली.

मालगाडी आली. कधी संपणारच नाही अशी एकेक वाघीण जात राहिली आणि ऋतिका बघत राहिली. गेट उघडल्यावर सगळे एकदम घुसले तशी तीही घुसली. गोवावेस मागे पडलं. शाहापूरच्या वाटेला लागताना एका वळणावर लक्ष्मीची घुमटी आहे. आत दगडाचा मुखवटा आणि पुढे फरशीवर कुंकवाचा ढीग, येणारीजाणारी बायकामाणसं बोट बुडवून लावून घेतात. ती थांबली. आजूबाजूला बघितलं. देवीपुढे उभं राहून इकडेतिकडे चोरासारखं बघायची तिची ही पहिलीच वेळ. बोट कुंकवात बुडवलं आणि कपाळाच्या मधोमध टेकवलं. मोबाईलच्या काळ्या काचेत बघितलं, ठीक वाटलं. आता काहीच झालं नव्हतं. सौम्या घरात होती, बाळ झोपलं होतं, दिवस संपला होता. उद्या जायचं. विक्रम दोन दिवसांत जाईलच निपाणीला. बाळाला रडवलं ते बाळ विसरेल, त्या वयात विसरतात. मग तिला वाटलं, नाही विसरलं तर? घर अजून लांब होतं.

खासबागेत सगळे माग चालू होते. त्या आवाजात शिरताना आज पहिल्यांदाच तिला बरं वाटलं. इथे कुणी काही विचारलं तरी ऐकू आलं नाही म्हणता येतं. आप्पा विणून झालेल्या साड्या घेऊन व्यापाऱ्याकडे गेले होते. आई मागाशी उभी होती, तुटलेला धागा सांधत. तिने मान वर केली, लेकीच्या कपाळाकडे बघितलं आणि पुन्हा धाग्याकडे वळली. झालं. ऋतिकाने पिशवी खुंटीला अडकवली, पाय धुतले, आणि सवयीने कांड्यांपाशी जाऊन बसली. आई पुन्हा वळून बघत होती. ओठ हलले. जेवलीस? ऋतिकाने मान डोलावली. आई बघतच राहिली. आणि वीज गेली.

आधी त्यांचा माग थांबला, मग शेजारचा, मग गल्लीतले सगळे, आणि लगोलग घराघरातून पोरांचे रडायचे आवाज यायला लागले. पलीकडच्या यल्लव्वाचं नातवंड, समोरचं जुळं. कुणी तरी पाळण्याची दोरी ओढायला धावलं. मंगल हात पुसत तिच्यासमोर येऊन उकिडवी बसली.

"हळद कुटं हाय?"

"आँ?"

"हळद. कुंकू नुसतंच हाय. सौम्याबाई आदी हळद लावत्यात, मग कुंकू. कडंला पिवळं दिसतंय रोज. आज न्हाई."

दोनदा टेकणारं थंड बोट. ऋतिकाच्या हाताने नकळत कपाळ झाकलं. खोटं तयार होतं. हळद संपली होती, पुसली गेली, घामाने गेली. गल्लीतली पोरं रडत होती. "मी त्येला रडवलं आई," ती म्हणाली, आणि मग तिला थांबताच येईना. "मुद्दाम रडवलं. झोपलंतं गं ते. मी मागाचा आवाज बंद केला आन् थोपटलंच न्हाई. त्येनं वरची कडी लावलीती, माझा हात पोचत न्हवता. आक्का न्हवती घरात. त्येनं काय केलं न्हाई, खरंच काय केलं न्हाई, पर मी लेकराला रडवलं." रडताना तिला कळत होतं, की आपण कडीबद्दल नाही, बाळाबद्दल रडतोय, आणि हेही कळत होतं, की काम गेलं.

मंगल हलली नाही. जवळ घेतलं नाही, डोळे पुसले नाहीत. ती मागाकडे बघत होती, थांबलेल्या धोट्याकडे. ऋतिकाला आईबद्दल एक गोष्ट माहीत होती. लग्नाआधी, पोरवयात, ती वडगावात एका घरी मूल सांभाळायला होती. कुणाचं घर ते तिने कधी सांगितलं नव्हतं. वडगावात जायचं झालं तर मात्र देवळामागची एक गल्ली टाळून ती लांबचा फेरा घ्यायची, पावसात, उन्हात, डोक्यावर ओझं असलं तरी. आप्पा चिडवायचे, हिला रस्ते कळत न्हाईत.

"बरं केलंस," मंगल म्हणाली. आवाज खरखरीत होता, दिवसभर न बोलल्यावर असतो तसा. "मी हुतो त्या घरात खालच्या सोप्यात माग हुते. दिसभर चालायचे. त्ये मला बंद करायला येत न्हवते."

ऋतिकाचं रडणं थांबलं. तिला काहीतरी विचारायचं होतं, पण विचारायला शब्द शोधेपर्यंत दिवा लागला. वीज आली. समोरचा माग सुरू झाला, शेजारचा झाला, आणि त्यांचाही खडखडून चालू झाला. खटाक-खट, खटाक-खट. गल्लीतली पोरं एकेक करून गप झाली. आईचे ओठ हलत होते की नुसतेच थरथरत होते ते ऋतिकाला ओळखता येईना. आता ती उठेल, मागाशी जाईल, आणि हे बोलणं पुन्हा कधी होणार नाही असं तिला वाटलं.

मंगल उठली. मागाशी गेली. भिंतीवरच्या खटक्यापाशी हात नेला आणि तो बंद केला. भर दिवसा, वीज असताना. धोटा अर्ध्यात थांबला. शेजारचा आवाज भिंतीतून येतच होता, पण त्यांच्या घरात बोललेलं ऐकू यायला लागलं.

"सौम्याबाईला फोन लाव," मंगल म्हणाली. "मी बोलतो."